घडीला दोन माणसं लागतात

शनिवार, आठ नोव्हेंबर. सकाळपासून डबल बेडच्या चादरींच्या घड्या घालतेय आणि एकीचीही घडी सरळ येत नाही. सिंगल चादर एकटीला जमते. डबलला समोर दुसरं माणूस लागतं. दोघींनी दोन-दोन टोकं धरायची, झटकायची, ताणायची, मग एकीने चालत येऊन आपली टोकं दुसरीच्या हातात द्यायची. आमच्याकडे चालत येणारी मी होते आणि जागेवर उभी राहणारी सुवार्ता वहिनी. आता एक बाजू टेबलावर वजनाखाली दाबून आणि दुसरी हनुवटीखाली धरून मी काम उरकते. इस्त्रीवरची गीता म्हणाली, "भाभी, मैं पकड़ लूँ?" मी नको म्हटलं. तिच्या समोर, हातभर अंतरावर, तोंडाकडे तोंड करून उभं राहणं हल्ली मी टाळते. का, ते सांगायलाच लिहायला बसले आहे.

सुवार्ता जाधव ही माझी मोठी जाऊ. देवास गेटच्या मागच्या गल्लीत आमची लॉंड्री आहे. घरगुती कपडे आम्ही घेत नाही. स्टेशनजवळच्या आणि मंदिराच्या रस्त्यावरच्या लॉजच्या चादरी, अभ्रे, टॉवेल एवढंच. वहिनीला जाऊन पाच आठवडे झाले. साखरेने आधी पाय धरले, मग मूत्रपिंड. शेवटचे काही दिवस ती दवाखान्यात होती आणि मी सकाळी तिच्याकडे, दुपारी दुकानात अशी ये-जा करत होते. माझ्या नवऱ्याचा, विजयचा, फोन आला तेव्हा मी याच टेबलाशी होते. वहिनी गेली, एवढंच तो म्हणाला. मी हातातल्या चादरीची घडी पूर्ण केली, गठ्ठ्यावर ठेवली, गीताला चाव्या दिल्या आणि निघाले. कोणाला हे निष्ठुर वाटेल. वहिनीला वाटलं नसतं. अर्धी घडी टाकून उठलेलं तिला चालत नसे.

आम्ही ख्रिस्ती. सासरे नगर जिल्ह्यातून रेल्वेच्या नोकरीवर उज्जैनला आले, त्यांच्याही वडिलांपासून घर ख्रिस्ती. वहिनी जालन्याची, मी इंदूरची, दोघींची माहेरं तशीच. हे एवढं साधं वाक्य मी आधी तीनदा वेगळ्या तऱ्हेने लिहून पाहिलं. एकदा लिहिलं, 'वहिनी ख्रिस्ती होती.' ते खोटं नव्हतं. पण मी ज्या पद्धतीने इथे इतकी वर्षं राहिले, त्याच पद्धतीचं ते वाक्य होतं, म्हणून खोडलं.

वहिनीची आई जालन्याच्या एका मिशनच्या दवाखान्यात कपडे धुण्याच्या खात्यात होती. रोग्याची चादर कशी उकळायची, कुठली वेगळी ठेवायची, हे वहिनी लहानपणीच शिकली. थोरले दीर, म्हणजे तिचा नवरा, अकाली गेले, मूलबाळ नव्हतं. घरात बसून राहणं तिच्या स्वभावात नव्हतं. एक जुनं मोठं मशीन घेऊन तिने काम सुरू केलं आणि दोन वर्षांनी मला म्हणाली, "तुला बोलता येतं, मला धुता येतं. ये." तसं ते ठरलं. फोन, ऑर्डर, टेम्पो, भांडणं माझ्याकडे. पाणी, साबण, नीळ, डाग तिच्याकडे. ती काही देवदूत नव्हती. उन्हाळ्यात तिच्याशी बोलायची सोय नसे. पोहे-जिलबी डॉक्टरांनी बंद केली तर गल्लीच्या तोंडाशी उभी राहून खाऊन यायची आणि तोंड पुसत सांगायची, नुसतीच फिरून आले. मी म्हणायचे, वहिनी, बोटांना पाक लागलाय. मग हात धुवायला निघून जायची आणि दोन तास माझ्याशी अबोला. एवढी एकच गोष्ट तिने आयुष्यभर लपवली असेल, आणि तीही तिला धड लपवता आली नाही.

आमच्या धंद्यात एक चाल आहे. लॉज भरलेली असते, बदलायच्या चादरी कमी पडतात, तेव्हा मालक वापरलेल्याच चादरी पाठवून सांगतो, धुऊ नका, नुसती प्रेस करून द्या. कडक इस्त्री मारली की पांढरी चादर धुतल्यासारखीच दिसते. एका रात्रीचा यात्रेकरू, पहाटे आरतीला जाणार, त्याला काय कळतंय. सगळेच करतात. वहिनी करत नसे. गठ्ठा उघडून एक चादर नाकाला लावायची आणि तो बांधून परत टेम्पोत ठेवायची. राठीजींची स्टेशनजवळ मोठी लॉज आहे, आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. ते एकदा स्वतः आले. पैसे तर पूर्ण धुलाईचेच देतो आहोत, मग अडचण काय, असं त्यांचं म्हणणं. वहिनी त्यांना म्हणाली, "राठीजी, जो सोएगा उसको तो नहीं मालूम ना." राठीजी म्हणाले, मालूम नहीं है इसीलिए तो चल रहा है दीदी. ती म्हणाली, "हाँ, इसीलिए मुझसे नहीं चलेगा." आणि त्यांच्यासाठी चहा सांगितला. ते चहा न पिता गेले.

आणि रविवार. उज्जैनला लॉजवाल्यांचा खरा धंदा शनिवार-रविवारचा. सोमवारी पहाटेच्या दर्शनाला आलेली माणसं रविवारी रात्री उतरतात. म्हणजे रविवारी दिवसभर चादरी फिरत्या हव्यात. आमची लॉंड्री रविवारी बंद. मागच्या सिंहस्थात सगळं शहर तिप्पट झालेलं असतानाही बंद. मंदिराच्या रस्त्यावरचं एक नवं होटल त्यामुळे आमच्या हातचं गेलं ते गेलंच. राठीजीही एका हंगामात दुसरीकडे गेले. नंतर परत आले, पण ते नंतर. तेव्हा मी फार चिडले होते. वहिनीला विचारलं, देव काय रविवारी आपल्या चादरी मोजत बसणार आहे?

आम्ही घडी घालत होतो. ती म्हणाली, "देव नाही मोजत, मी मोजते. सहा दिवस मी या लोकांच्या हिशेबाने चालते, सुनंदा. त्यांना हवं तेव्हा, हवं तसं. सातवा दिवसही विकला, तर मी कोणाची आहे हे मला तरी कसं कळणार?"

मी टोकं तिच्या हातात दिली आणि टेम्पोवाल्याला फोन करायला गेले. मला ते उत्तर पटलं नव्हतं, आणि खोडताही येत नव्हतं.

लोकांना वाटेल, बाई कर्मठ असणार. तसं नव्हतं. दसऱ्याला दुकानातली माणसं मशिनांना हार घालत. वहिनी स्वतः हार घालत नसे, पण आदल्या दिवशी मशिनं पुसून लख्ख करून द्यायची आणि सगळ्यांसाठी श्रीखंड घरी करायची. कोणी प्रसाद आणला की खुर्चीवरून उठून दोन्ही हातांनी घ्यायची आणि तोंडावर सांगायची, "मैं खाऊँगी नहीं भैया, मेरा नेम है. गीता खाएगी, उसको सच में अच्छा लगेगा." पहिल्या वेळी लोक गोंधळत. दुसऱ्या वेळी तेच म्हणत, दीदी, ये गीता के लिए. त्यांच्या घरी आजारपण असो, मयत असो, वहिनी जाऊन बसायची, भांडी घासायची. तिचं 'नाही' तिने कधी कुजबुजत सांगितलं नाही, म्हणून ते कोणाला लागलंही नाही.

मी मात्र प्रसाद खात होते. तो खाण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. फोन उचलला की मी आधी 'जय महाकाल' म्हणत होते, कारण समोरचा तेच म्हणणार असतो आणि आधी म्हटलं की बोलणं गोडीत सुरू होतं. त्या नावातही वाईट काही नाही. इथली माणसं ते मनापासून घेतात, मी रोज पाहते. पण मी मनापासून घेत नव्हते. मी ऑर्डरसाठी घेत होते. माझ्या देवाशी ते जितकं खोटं, तितकंच त्यांच्या देवाशीही. श्रावणात लॉजवाल्यांकडे वसुलीला जाताना कोणी लावलेला टिळा कपाळावर तसाच राहू द्यायचे. रविवारी कुठे असता विचारलं की सांगायचे, रिश्तेदारी में. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायचे आणि उपासना संपली की आधी बाहेर. सुनंदा जाधव म्हटलं की इथे कोणाला पुढचा प्रश्न पडत नाही, आणि मी तो पडू दिला नाही. भीती होती का? थोडी होती, हल्ली जास्त. पण सगळं भीतीवर ढकललं तर तेही खोटं होईल. मुख्य म्हणजे सोय होती. गल्लीत एक दीदी ख्रिस्ती असली तर चालतं, तिचं कौतुकही होतं. मला कौतुक नको होतं, मला नेहमीच्या माणसात मोजलं जायला हवं होतं.

वहिनीला हे दिसत होतं. एकदा कोणीतरी तिच्यासमोर माझी तारीफ केली असावी. त्या संध्याकाळी घडी घालताना ती सहज म्हणाली, "राठी विचारत होता, तुमची देवरानी हिंदू घरातली ना? मी म्हटलं, तिलाच विचारा."

"तुम्ही सांगून टाकायचं," मी म्हटलं.

"ते माझं सांगायचं नव्हे."

बस. पुढे कधी विषय नाही, टोमणा नाही. पोह्यांवरून अबोला धरणारी बाई यावर एक शब्द बोलली नाही. राठीजींनी मला विचारलं नाही. मीही थांबून राहिले, त्यांनी विचारावं म्हणून नव्हे, विसरावं म्हणून.

वहिनीची अंत्यविधीची उपासना चर्चमध्ये झाली, माती झाली. तिसऱ्या दिवशी आम्ही दुकानामागच्या वाळत घालायच्या अंगणात बैठक ठेवली. माळव्यात याला उठावना म्हणतात. लोक येतात, गेलेल्याबद्दल चार शब्द बोलतात, हात जोडून जातात. लॉजवाले चर्चमध्ये येतील न येतील, म्हणून मीच हे सुचवलं होतं. पास्टरसाहेबांना विचारलं, त्यांची हरकत नव्हती. ते स्वतः मात्र आले नाहीत, कारण मी त्यांना या असं म्हटलं नाही. खाली अंथरायला आमच्याच चादरी होत्या, शुभ्र, ताठ, वहिनीने दवाखान्यात जायच्या आदल्या आठवड्यात धुऊन काढलेल्या.

राठीजी बोलायला उभे राहिले. म्हणाले, दीदीने मला जितक्या वेळा नाही म्हटलं तितक्या वेळा माझ्या बापानेही म्हटलं नसेल. लोक हसले. मग म्हणाले, मी रागावून दुसरीकडे गेलो. तिथे सगळ्याला हो म्हणत होते. एकदा मीच माझ्या लॉजमध्ये मुक्काम केला, घरी रंगकाम चालू होतं म्हणून, आणि चादर अंगावर घेतली तर तिला कोणाच्या तरी तेलाचा वास. दुसऱ्या दिवशी दीदीकडे परत आलो. तिने एवढंच विचारलं, गठ्ठा आणलाय का?

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण ते माझ्याकडे वळले. "और धन्य हैं ये सुनंदा भाभी. हिंदू होकर भी जेठानी का धरम इतने साल निभाया. ऐसी बहू आजकल मिलती नहीं."

माना डोलल्या. कोणीतरी 'सच बात' म्हणालं. माझ्याकडे आदराने पाहणारी एवढी माणसं मी आयुष्यात एकदम पाहिली नव्हती. मी काय केलं असेल? मी हात जोडले. खाली मान घातली, जशी नम्र माणसं घालतात. मान वर केली तेव्हा समोर दाराशी गीता उभी होती. तिला माहीत आहे. नाताळच्या करंज्या तिने माझ्या घरी बसून खाल्ल्या आहेत. ती रागाने पाहत नव्हती. वाट पाहत होती, मी आता बोलेन म्हणून. मग तिने नजर काढून घेतली आणि ग्लास गोळा करायला लागली…

घरी आल्यावर विजय म्हणाला, "तू का नाही बोललीस?"

मी म्हटलं, "तू का नाही बोललास?"

तो म्हणाला, "मला वाटलं, तू बोलशील." आम्ही दोघं जेवलो. माझ्या जेवणाला चव होती, हेही लिहून ठेवते.

त्यानंतर समाचाराला आलेल्या बायकांनी मला वहिनीबद्दल बरंच सांगितलं आणि मी होय होय म्हणत ऐकलं. रडू आलं नाही. रडण्यासाठी आपलं काहीतरी गेलं आहे असं म्हणायचा हक्क लागतो. मला सारखं वाटत होतं, मी हिची कोण? सगळ्यांनी मला परक्या घरची, उदार मनाची बाई ठरवून टाकलं होतं, आणि मी त्या खुर्चीत आरामात बसले होते. वहिनीच्या शेजारी इतकी वर्षं उभी राहून मी तिला एकटीला ख्रिस्ती राहू दिलं. दोघी असतो तर तिचं 'नाही' थोडं हलकं झालं असतं. हे मला पूर्वी कधी सुचलंच नव्हतं.

परवा राठीजींचा फोन आला. सूर घरातल्या माणसाचा. दीदी का नेम था, हमने माना. अब वो रहीं नहीं. आप तो अपनी हैं भाभी, आपको इतवार की क्या दिक्कत? त्यांनी लॉजचा वरचा मजला वाढवला आहे. रविवारी काम घेतलं तर सगळं आमच्याकडे, नाहीतर त्यांना दुसरा माणूस पाहावा लागेल. त्यांचंही खरं आहे, त्यांना धंदा करायचा आहे. आणि ते गेले तर मला इस्त्रीवरचं एक माणूस कमी करावं लागेल. गीता धरून इस्त्रीवर दोघीच आहेत. मी म्हटलं, रविवारी सांगते. म्हणजे उद्या.

वहिनीवर लिहा, असं मला इथल्या मराठी मंडळातल्या एका बाईंनी सुचवलं. पुरवणीला पाठवू म्हणाल्या. त्यांनाही मी कोण ते माहीत नव्हतं, आता वाचून कळेल. पहिला विचार माझ्या मनात आला तो असा, की बरंच झालं, लिहून टाकलं की सुटले. मग लक्षात आलं, राठीजींना मराठी वाचता येत नाही. गल्लीत कोणालाच येत नाही. म्हणजे जिथे सांगायला काहीच किंमत पडत नाही, तिथे मी सांगणार होते. हेही सोयीचंच. म्हणून कागद इथे बाजूला ठेवला आणि उरलेल्या चादरी संपवल्या.

पुढचं रविवारी संध्याकाळी लिहिते आहे.

आज सकाळी चर्चला जायच्या आधी मी राठीजींच्या लॉजवर गेले. विजय बरोबर येतो म्हणाला, मी त्याला बाहेर स्कूटरवर थांबायला सांगितलं. काउंटरवर गर्दी होती. राठीजींनी मला पाहून खुर्ची पुढे केली आणि 'जय महाकाल' म्हणाले. मी 'नमस्ते' म्हटलं. बसले नाही, बसले असते तर दुसरंच काही बोलले असते.

"राठीजी, इतवार को दुकान बंद रहेगी. मेरा भी वही नेम है. मैं भी ईसाई हूँ, मायके से भी, ससुराल से भी. उस दिन आपने जो कहा, वो ठीक नहीं था. मुझे उसी वक्त बोलना था."

एका यात्रेकरूला खोलीची चावी देता देता त्यांचा हात थांबला. त्यांनी चावी दिली, रजिस्टर सरकवलं. मग माझ्याकडे पाहिलं, चिडून नाही, हिशेब न लागल्यासारखं.

"इतने साल… तो बताया क्यों नहीं भाभी? दीदी तो बताती थीं. हमने उनका क्या बिगाड़ा?"

त्यांनी काहीच बिघडवलं नव्हतं. मी उभी राहिले. ते म्हणाले, इतवार का तो फिर मैं दूसरे को दूँगा, बाकी का देखता हूँ. मी म्हटलं, ठीक है. चहा विचारला नाही त्यांनी, आणि तो मला मिळायला हवा होता असंही नाही. पायऱ्या उतरताना पाय हलके झाले वगैरे काही झालं नाही. इस्त्रीवरच्या कोणाला काय सांगायचं, हा विचार डोक्यात घेऊन स्कूटरवर बसले.

आज महिन्याचा पहिला रविवार नसला तरी प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटण्याचा विधी, होता, गेल्या रविवारी पास्टरसाहेब गावाला गेले होते म्हणून. मेजावरची मोठी पांढरी चादर वहिनी धुऊन आणायची आणि उपासनेनंतर तीच घडी घालायची, समोर पास्टरसाहेबांची बायको. मी ते कधी पाहिलं नव्हतं, मी तोवर बाहेर पडलेली असायचे. आज थांबले. पास्टरीणबाई चादरीची दोन टोकं धरून इकडेतिकडे बघत होत्या. मी पुढे गेले आणि वहिनीच्या बाजूची दोन टोकं धरली. झटकली, ताणली, आणि सवयीने चालत निघाले. त्याही निघाल्या. मध्येच दोघी एकमेकींवर आपटलो.

"सुवार्ताबहन उधर ही खड़ी रहती थीं," त्या म्हणाल्या. "आप अपनी जगह रुकिए. मैं आती हूँ."

मी मागे सरकले आणि जागेवर उभी राहिले.